रांगेतल्या चपला

बुधवार, एप्रिल २००१

आज तरी डॉक्टर अण्णांच्या तळपायाची जखम बघतील असं वाटलं होतं. साखरेमुळं ती भरतच नाही. पण पिंपरी पेंढारला जीप भरेपर्यंत उशीर झाला, नारायणगावात पोचलो तर नंबर संपलेले. सलग तिसरा दिवस! "उद्या या," कंपाउंडर म्हणाला.

पायरीवर उद्याच्या नंबरासाठी चपलांची रांग लागली होती. अण्णांनीही आपल्या चपला काढून त्यात ठेवल्या. मग फाट्यापासून घरापर्यंत अनवाणी चालले, त्याच पायानं, तापलेल्या खडीवरून.

घरी पट्टी सोडली, तर जखमेत माती.

माझ्या पायात चपला होत्या की! मी का नाही ठेवल्या? बापाला अनवाणी चालवलं.

आणि अण्णा विचारतायत, "माझ्या चपला कुणी हलवणार न्हाई ना रं?"