तिसऱ्या रांगेतला पदर

२ एप्रिल, मंगळवार

काहीतरी शिजतंय. नक्की!

आज तालमीत मी म्हटलं, "प्रवाशांनो, इंजिन बंद पडलं आहे, पण माझं काळीज अजून चालू आहे!" — आणि मागं कुणीतरी खोकलं. मग दुसरा खोकला. मग सौरव धावत बाहेर गेला. भरमू म्हणाला, साथ आलीया. साथीत माणूस तोंडात टॉवेल कोंबतो होय?

सौरव आमच्याच गल्लीतला. उद्यमबागेत कारखान्यात जातो. यंदा यात्रेचं नाटक त्यानंच लिहिलंय आणि बसवतोयही तोच. 'गगनी फुटला टाहो'. सांबऱ्याच्या विमानतळावरून मुंबईला निघालेलं विमान आभाळात बिघडतं, अशी शोकांतिका. मी कॅप्टन. तीस वर्षांनी स्टेजवर! घरी येऊन पाया पडला होता — "आण्णा, ह्यो रोल तुमच्याबिगर कुणाला जमणार न्हाय." तेव्हाच ओळखायला हवं होतं. हल्लीची पोरं एवढं गोड बोलत नाहीत.

४ एप्रिल, गुरुवार

नक्कल मिळाली. बाकी सगळ्यांना अख्खं नाटक मोबाईलवर. मी सांगून टाकलं — आमच्या वेळी प्रत्येकाला फक्त त्याच्या वाक्यांची नक्कल मिळायची, हातानं लिहिलेली. मी तशीच घेणार. दुसऱ्याचं बोलणं वाचून नट बिघडतो.

मला वाटलं, सौरव कुरकुर करील. तर म्हणतो कसा, "तुमी म्हणाल तसं आण्णा!" एका रात्रीत लिहून आणली. सुवाच्य अक्षरात. एवढी घाई का?

आणि मी आत गेलो की सगळ्यांचे मोबाईल पालथे पडतात.

भरमू को-पायलट आहे. नोकरीत माझ्याच गाडीवर कंडक्टर होता, म्हणजे तसा अनुभव आहे. विमान सुटायच्या आधी त्यानं शिट्टी मारायची आहे. मी हरकत घेतली, विमानात शिट्टी? सौरव गंभीरपणे म्हणाला, "आण्णा, ती नियतीची शिट्टी हाय."

पटलं.

७ एप्रिल, रविवार

ऐकलं! स्वतःच्या कानांनी ऐकलं. देवळामागं सौरव भरमूला सांगत होता, "आण्णास्नी कळलं तर समदं संपलं."

काय कळलं तर? माझ्या मते रोल काढून घेणार. ऐन वेळी कुणातरी दाढीवाल्याला उभा करणार आणि मला पहिल्या अंकात हार्ट अटॅकनं मारणार. भरमूला सरळ विचारलं, तर म्हणाला, "तंबाखू हाय काय?" माझी तंबाखू त्यानं कधी विचारून घेतलेली नाही. विचारून घेतो म्हणजे काहीतरी लपवतोय.

इथं लिहायला लाज कसली — हा रोल गेला तर मला वाईट वाटेल. फार वाईट वाटेल. आयुष्यभर गाडी चालवली. गावात विचारा, अंबाजी कोण? डायवर. एकदाच, एकाच रात्री मी नट होतो. मरायच्या आधी आणखी एकदा व्हायचंय.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. तालमीला सुट्टी. दुर्गानं कडुलिंब दिला. डोकं एवढं कडू झालंय की तोही गोड लागला.

१० एप्रिल, बुधवार

झोप नाही. 'काळजाला भगदाड' आठवत पडलो. काय नाटक होतं! काय गर्दी! शेवटी मी छातीला हात लावून मरतो, तर अख्ख्या मैदानातून आवाज — वन्समोर! उठलो, पुन्हा मेलो. पुन्हा वन्समोर! तीनदा मेलो त्या रात्री. कुठल्या नटाला मरणावर वन्समोर मिळालाय?

आणि बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, निळा पदर डोळ्यांना लावून एक पोरगी गदगदत होती. संकेश्वरहून मावशीकडं यात्रेला आलेली. महिन्याच्या आत तिच्या घरून स्थळ आलं. तीच दुर्गा. तिनं माझ्या गाडीकडं किंवा पगाराकडं बघून लग्न केलं नाही, माझ्या अभिनयाला रडून केलं. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. (सौरवला दाखवलं. दोनदा.)

१२ एप्रिल, शुक्रवार

आज दोन्ही अंक सलग. माझं कॉकपिट म्हणजे बांबूची तट्टी, मागचं काही दिसत नाही. फक्त ऐकू येतं, बाकीचं भरमू सांगतो. ऐकून ऐकून थक्क होतोय, ह्या सौरवला एवढी समज कुठून आली?

विमान लागतं तोच प्रवासी झालेला गुंडू शिडी लावून खिडकीतून टॉवेल टाकतो — जागा धरायला! मरायला निघालेला माणूससुद्धा जागा धरतो. केवढा अर्थ! मग शालूबाई, म्हणजे हवाई सुंदरी, सांगते, "कोंबडी सीटखाली ठेवू नये, ठेवलीच तर अर्धं तिकीट." गरिबाच्या जिवाची किंमतच अर्धी! एक म्हातारी संकेश्वरला उतरायचं म्हणून दोरी ओढते. विमान थांबत नाही. नियती कुणासाठी थांबलीय?

मग बिघाड. धोक्याची सूचना आधी कन्नडमध्ये द्यायची की मराठीत, ह्यावर प्रवासी भांडतात. तेवढ्यात डावा पंख गळतो. पंख गेल्याची सूचना कुठल्या भाषेत, ह्यावर पुन्हा भांडण. उजवा गळतो.

आणि शेवटी मी वायरलेसवर ओरडतो, "आम्ही पडतोय! सांगा, कुठल्या राज्यात पडू?" बेंगळूरु म्हणतं, तिकडं विचारा. मुंबई म्हणते, तिकडं विचारा. मग दोघं मिळून म्हणतात — "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, तोवर पडू नका."

मला हुंदका आला. खरा. ह्या सीमाभागात बापाचं सगळं आयुष्य ह्याच वाक्यात गेलं, आता माझं चाललंय. हुंदका आवरून बघतो तर सौरव जमिनीवर पालथा. म्हणे चक्कर आली.

१५ एप्रिल, सोमवार

नाटकात भर घालायला मी स्वतःहून सुचवलं, कॉकपिटला लिंबू-मिरची हवी. विमान असलं म्हणून काय झालं, यंत्राला नजर लागतेच. शिवाय रिव्हर्स घेताना भरमूनं खाली उतरून मागून पत्रा बडवत "येऊ दे, येऊ दे" म्हणायला पाहिजे. नाहीतर कॅप्टनला मागचं कसं कळणार? तीस वर्षांच्या अनुभवातून बोललो.

सौरवनं माझे पाय धरले. वर बघेना. खांदे हलत होते.

अतिशय संशयास्पद.

१६ एप्रिल, मंगळवार

देवळापाशी बोर्ड लागलाय. 'गगनी फुटला टाहो', मग माझं नाव, मग 'दोन अंकी', आणि त्यानंतर एक कागद चिकटवलाय. काय झाकलंय? दुसऱ्याच्या कागदाला नख लावायची आपली सवय नाही.

लावलं. निघाला नाही. खळ चांगलीच लावलीय.

१८ एप्रिल, गुरुवार

घरही फितूर झालं!

शालूबाई निपाणीची, गावोगावच्या नाटकांत स्त्री पार्ट करून हाडं झिजलेली बाई. तालमीपुरती आमच्याकडंच उतरते. आज मी परसातून आलो तर ती आणि दुर्गा चुलीपाशी खुसखुसत होत्या. मला बघून गप्प. दुर्गा पदराचा बोळा तोंडात धरून आत.

चहा पिताना शालूबाई म्हणाली, "आण्णा, येक सांगू काय?"

म्हटलं, सांग.

माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "काय न्हाय. हाय तसंच करा. येक सबुद हिकडचा तिकडं करू नगासा."

बायकोला विचारलं, काय चाललंय? "कुठं काय?" म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, 'कुठं काय' म्हणजे नक्की काहीतरी असतं, एवढं मला कळतं.

२३ एप्रिल, मंगळवार

कळलं.

पडदा उघडला. मैदान भरलेलं. पोरं झाडावर. मी टोपी सारखी केली आणि पहिलं वाक्य टाकलं — "हे उड्डाण साधं नाही!"

हशा. एकदम.

वाटलं पँटची चेन. बघितली. लावलेली. हशा वाढला. मागं वळून बघितलं, कुत्रं आलं असेल स्टेजवर. काही नाही. आणखी हशा! मग भरमूनं शिट्टी मारली, लोक आडवे. तट्टीच्या फटीतून पहिल्यांदाच मागं बघितलं. गुंडू अर्धा खिडकीत अडकलेला. शालूबाई कोंबडीला पट्टा बांधत होती. आमची कोंबडी. दुर्गानं दिलेली!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. शोकांतिका फक्त माझ्या नकलेत होती. बाकी सगळं नाटक हसायचं, आणि सगळ्यात जास्त हसायचं माझ्यावर.

कानशिलं तापली. उठलो. सरळ घरी जायचं ठरवलं. भरमूनं सदरा धरला. घामानं थबथबलेला, डोळ्यांत गयावया. पुटपुटला, "अंब्या, सोडू नगंस रं. तू उठलास तर इमान खरंच पडतंय."

बसलो. का बसलो, माहीत नाही. तीस वर्षं गाडी वाटेत सोडून कधी उतरलो नाही, म्हणून असेल.

आणि रडलो. रागानं रडलो, खरं पाणी. जेवढा रडलो तेवढं मैदान फुटलं. 'तोवर पडू नका'ला तर सीमा लढ्यात जेलात जाऊन आलेले म्हातारे खुर्चीवर उभे राहून टाळ्या पिटत होते, आणि एक जण हसता हसता डोळे पुसत होता. शेवटी मी मेलो.

वन्समोर! पुन्हा मेलो. पुन्हा वन्समोर!

टोपी तिथंच टाकून आलो.

२४ एप्रिल, बुधवार

सकाळी सगळे दारात. सौरव खाली मान घालून. "आण्णा, माफ करा. पर सांगितलं असतं तर तुमी हसवाय गेला असता. मग कोन हसलं असतं?"

शनिवारी निपाणीला प्रयोग ठरलाय म्हणे. मागणी आली आहे, कॅप्टन तोच पाहिजे अशी अट. मी म्हटलं, मी येणार नाही. मी नट आहे, माकड नव्हे! ह्याच गावाला मी 'काळजाला भगदाड'मध्ये ढसाढसा रडवलंय! विचारा भरमूला, विचारा माझ्या बायकोला!



भरमूनं दुर्गाकडं बघितलं. दुर्गानं भरमूकडं बघितलं. मग दोघांनीही खाली बघितलं.

२५ एप्रिल, गुरुवार

ती नजर. काय होती ती नजर?

२६ एप्रिल, शुक्रवार

विचारलं. ती गवारी मोडत होती.

म्हटलं, दुर्गा, खरं सांग. त्या रात्री तू तिसऱ्या रांगेत रडत होतीस ना? निळा पदर डोळ्यांना लावून?

गवारी मोडायची थांबली नाही. "रडतीया कुठली! हसून हसून डोळ्यातनं पानी येत हुतं. मावशीनं चिमटं काढून काढून हात काळानिळा केला. समदं मैदानच हसत हुतं की वो. घरी जाऊन आप्पांस्नी सांगितलं, करीन तर ह्येच्यासंगंच लगीन. जेवान कसंबी मिळू दे, करमनूक हुतीया."

 मी विचारलं, एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर तुमी हसवाय गेला असता की."

सौरवला निरोप धाडलाय. उद्या निपाणीला येतो. रडायचंय तसंच रडेन. तिसऱ्या रांगेत बायकांच्या बाजूला एक खुर्ची ठेव.