दिल्लीच्या पंगतीत पोळ्या सरल्या

मु. पिंपरवाडी, तालुके शिंदखेडे,
जिल्हा पश्चिम खानदेश.
ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १८६८

ती. स्व. जीवराम दाजींच्या पायांशी सुकदेवचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पण पुरा आठ अंगांचा समजून घ्यावा.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. हे वाक्य मी दर पत्रात लिहितो, पण खरं आज पहिल्यांदाच लिहितो आहे. भागाअक्काच्या गुडघ्यांना एरंडाच्या पानांचा शेक चालू ठेवावा. तुमची तब्येत विचारत नाही. तुमच्या पोटाची काळजी आम्हाला कधी करावी लागली नाही, देवाने ती एक जागा भक्कम दिली आहे. या विषयाकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे, तोवर तो मनात धरून ठेवावा.

तर दाजी, आपल्या गावचं धान्याचं दुकान राहिलं. आज दुपारी धुळ्याहून तसा हुकूम आला. मी तो स्वतः वाचला आणि मग शाळेच्या कौतिक मास्तरांकडून वाचून घेतला, कारण हवं तेच दिसण्याची माझ्या डोळ्यांना खोड आहे. त्यांनाही तेच दिसलं. माझ्या छातीवरचं जातं उतरलं. आमच्या मंडळींनी, म्हणजे इंदिराने, देवापुढे दिवा लावला आणि तेल महाग आहे म्हणून लगेच शांतही केला.

तुम्ही जळगावात कापसाच्या जिनिंगचे मुकादम, रेशन तुमच्या दाराशी. इथे काय घडत होतं ते तुम्हाला नीट कळलं नसेल. पिकलेली ज्वारी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेली. तिच्या बदल्यात दुकानात येते ती परदेशी लाल ज्वारी, तीही माणशी निम्मी. तिची भाकरी थापताना फुटते आणि खाताना घशात अडते. पण मिळते तरी. तेवढ्यात एक साहेब पाहणीला आले, आमच्या ओसरीवर बसून ताक प्यायले, आणि वर कळवून मोकळे झाले की या गावचे लोक शेतकरी आहेत, घरचं खातात, सबब दुकान बंद करावं आणि ज्यांना लागेल त्यांनी दोंडाईच्याहून आणावं. (ताक मीच दिलं होतं, आणि दाट दिलं होतं.) मधला नाला तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात तो अंगात आल्यासारखा धावतो आणि दोंडाईचा मग काशीइतकं लांब. आमच्या शेजारच्या सुगंधाबाईचं काय होणार, या विचाराने माझी झोप उडाली होती. नवरा गेलेला, पदरी लेकरं. धान्य आणायला गेली तर मजुरी बुडणार आणि मजुरीला गेली तर चूल. गावात अशा घरांना तोटा नाही.

अशात कळलं की दिल्लीच्या असेंब्लीत धान्यावरून सरकारला बरंच धारेवर धरलं, आणि आता तिथले मेंबर स्वतः खेड्यात जाऊन धान्य लोकांपर्यंत पोचतं की नाही ते पाहणार. त्यात आपलं गाव. (आपल्या गावात काय विशेष, असं विचारू नका. मोटार उलटणार नाही असा रस्ता या बाजूला तेवढाच आहे.) तेव्हा तुम्ही लिहिलं होतं, 'सुकदेव, त्यांना रिकामी मडकी दाखव आणि गप्प बस.' सल्ला लाखाचा होता. मी तो गावाच्या धान्य कमिटीत मांडलासुद्धा, कारण कमिटीचा अध्यक्ष मी आहे. पण चावडीच्या पायरीवर आमची माय, म्हणजे तुमच्या सासूबाई भिकुबाई, बसली होती. ती म्हणाली, "पाव्हणाले भुक्या बसाडीसन आपली भूक सांगशात का रे?"

झालं. कमिटी तिथेच फिरली. दिल्लीहून आलेला माणूस पिंपरवाडीतून कोरडा गेला, हे पुढच्या सात पिढ्या ऐकायचं कोणी? वास्तविक पुढचं सरळ होतं. आमच्याकडे धान्य नाही हे ज्यांना पटवायचं, त्यांनाच खापराच्या पुरणपोळ्या घातल्या तर पटणार काय? पण हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. (माझ्या आला होता. पण अध्यक्षाने सगळ्यांच्या आधी बोलू नये.) घरोघरून मूठमूठ गहू आला, कुणाकडून गुळाचा खडा, कुणाकडून चण्याची डाळ. सुगंधाबाईनेही पदराच्या गाठीतून काहीतरी आणलं. ते परत घे म्हटल्यावर ती रागावली. आपल्या घरचा वाटा अर्थातच मोठा. तो कुठून काढला ते पुढे लिहीन.

मेंबर तिघे आले. त्यांचे अध्यक्ष एक धिप्पाड सरदारजी, दुसरे मद्रासकडचे, अंगाने शेवग्याच्या शेंगेसारखे, आणि तिसरे सारखे पेंगत होते, त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही घडलं नाही. सोबत धुळ्याचे दुभाषी. कौतिक मास्तरांनी निवेदन लिहून ठेवलं होतं. मजकूर इतका करुण की लिहिताना तेच दोनदा उठून पाणी प्यायले. पण जेवणाआधी कामाचं बोलणं आपल्यात बरं दिसत नाही. म्हणून आधी पंगत, मग उपासमार, असा क्रम ठरला.

आता दाजी, आपली पद्धत तुम्हाला सांगायला नको. वाढणाऱ्याने आग्रह करायचा, जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरायचा. वाढणाऱ्याने शपथ घालायची, जेवणाऱ्याने अर्धी घ्यायची. दोघांनी नेमून दिलेलं काम चोख केलं की अन्न पुरतं आणि अब्रूही राहते. सरदारजींनी दोन पोळ्यांनंतर हात आडवा केला, माझा जीव भांड्यात पडला. मद्रासकडच्या साहेबांना मात्र ही विद्या कोणी शिकवली नव्हती. माय म्हणाली, "ल्या साहेब, एकच. तुम्हले मनी आन शे." दुभाष्याने शपथेचा अर्थ सांगितला. साहेब गंभीर झाले आणि त्यांनी पोळी घेतली. माय पुन्हा आली, त्यांनी पुन्हा घेतली. म्हाताऱ्या बाईने हाताने वाढलेलं नाकारणं म्हणजे पाप, असं म्हणे त्यांच्या घरी शिकवलेलं. तिकडे मायला आग्रह सोडता येईना, इकडे साहेबांना पाप करता येईना, आणि मधे रुमालाएवढ्या पोळ्या एकामागून एक अदृश्य होत होत्या.

मी खुणेने मास्तरांना निवेदन सुरू करायला सांगितलं. हेतू हा की ऐकताना तरी माणूस खायचा थांबेल. मास्तरांनी घसा साफ करून वाचलं, 'या गावात गहू औषधालाही उरलेला नाही.' नेमकी त्याच वेळी साहेबांच्या ताटात तुपाने निथळणारी पोळी पडली. सरदारजींनी पोळीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दुकान गेलं, असं मी त्या क्षणी धरून चाललो. स्वतःच्या हाताने तूप वाढून घालवलं, हे मला जन्मभर खायला उठलं असतं.

मग ती वेळ आली. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटलं, आणा पोळी. कोणी आलं नाही. पुन्हा म्हटलं. आत बांगड्यांचा आवाजही थांबला. पोळ्या सरल्या होत्या. दाजी, भर पंगतीत अन्न सरणं काय असतं ते मी तुम्हाला लिहून सांगू शकत नाही. धरणी दुभंगावी असं वाटलं, पण ओसरी नुकतीच सारवलेली. तेवढ्यात माय टोपली घेऊन बाहेर आली आणि तिने साहेबांच्या ताटात लाल भाकरी ठेवली, वर ठेचा.

साहेबांनी घास घेतला. चावला, पुन्हा चावला. मग पाणी प्यायले आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी काहीतरी गोड उत्तर जुळवत होतो, पण माय आधीच बोलली, "हाई तुम्हना सरकारनं धान शे, साहेब. आम्ही बठ्ठा रोज हाईच खातस. पोया आज तुम्हनासाठे व्हत्यात." दुभाषी अडखळले. पण सरदारजींना न सांगताच कळलं असावं. त्यांनी आपल्या ताटात एक भाकरी मागून घेतली आणि पुरी संपवली, ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी. (पाणी ठेच्याचंच होतं की नाही यावर गावात दोन मतं आहेत.)

हात धुतल्यावर ते म्हणाले, आता दोंडाईच्याची वाट दाखवा. मोटार नको म्हणाले. भर उन्हात आम्ही निघालो. मद्रासकडचे साहेब नाल्यापर्यंत आले आणि बाभळीखाली मटकन बसले. पोटात आपलं गाव होतं, पाय कसे उचलणार? घाम पुसून ते जे बोलले ते दुभाष्याने मला सांगितलं, आणि ते मी आमच्या पोरीच्या, शेवंताच्या लग्नाच्या मुहूर्तासारखं जपून ठेवलं आहे. ते म्हणाले, 'भरल्या पोटी, मोकळ्या हातांनी मला हे जमत नाही. या बायांनी रिकाम्या पोटी, डोक्यावर ओझं घेऊन हे करावं असं ज्याने लिहिलं, तो इथून चालला होता का?' मी म्हटलं, नाही साहेब, तो ताक प्यायला होता.

त्याचाच आजचा हुकूम. दुकान कायम, आणि नाला भरण्याआधी दोन महिन्यांचं धान्य गावात आणून ठेवायचं. सुगंधाबाईला सांगायला मीच गेलो. ती आधी उंबऱ्यावर बसली, आणि मग मला तिने चहा केला. गुळाचा होता. मी कप पुढे धरून आणखी मागितला नाही, एवढी अक्कल आता आली आहे. एकूण सगळं माझ्या धोरणाप्रमाणे पार पडलं. तुमचा सल्ला मानला नाही याचा राग नसावा. भागाअक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
सुकदेव

ता. क. — शेवंताचं लग्न वद्य पंचमीचं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पंगतीत आपल्या घरचा जो मोठा वाटा गेला, तो लग्नाच्या गव्हातला होता. शिवाय ठरावीक पानांच्या वर जेवू घालायचं नाही असा सरकारचा हुकूम आहे. तुम्ही घरचे जावई, तेव्हा मी तुम्हाला चारचौघांदेखत आग्रह करणार, शपथ घालणार, प्रसंगी रडवेलाही होणार. तुम्ही दर वेळी हात आडवा धरावा. दाजी, मद्रासकडच्या साहेबांना पद्धत ठाऊक नव्हती, तुम्हाला आहे. हे सांगण्यासाठीच खरं म्हणजे पत्र लिहिलं. येताना घरून थोडं खाऊन निघालात तर अधिक उत्तम.

आणखी ता. क. — फुवांना आणि भागाआत्याला शेवंताचा नमस्कार. बापू पाकिटासाठी डिंक आणायला गेले आहेत. आजी सांगते ते जसंच्या तसं लिहिते. "जवाईबापू, सुकदेव काय लिखस तिकडे ध्यान देऊ नका. त्या दिन पोया सरेल नव्हत्यात, टोपलाखाल व्हत्यात. मीच सांगं, आते बस, लाल भाकर काढा. पाव्हणाले पोटभर घालाले जोयजे, पन तो जे दखाले येल शे तेबी त्याना ताटमा पडाले जोयजे. उरेल पोया सुगंधाना लेकरंस्नी खाद्यात. लगीनना गहू मी येगळा ठेयेल शे, सुकदेवले ठाऊक नही. तुम्ही पोटभर जेवा. हात आडवा धरशात तर तुम्हले मनी आन शे."