गच्चीवरून ऐकलेली मालिका

३ जानेवारी
शामू केबलवाल्याने आज गल्लीतली वायर गुंडाळून नेली. सर्व्हिस बंद. गिऱ्हाईक राहिलं न्हाय म्हणाला, सगळी मोबाईलवर बघत्यात. आता पिरनवाडीला मंडप डेकोरेशनचं दुकान टाकणार. इतकी वर्षं आम्हाला चित्रापेक्षा मुंग्या जास्त दाखवल्या, आता लोकांच्या लग्नात लाइटिंग करणार. नवरा-नवरीला शुभेच्छा.
अख्खी गल्ली हळहळतेय. मी मात्र शांत.

४ जानेवारी
निर्णय झाला. यापुढे या घरातून टीव्हीसाठी दर महिन्याला कुणाला काही जाणार नाही. फ्री डिश. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, नंतर जन्मभर फुकट. श्रेयांसचा पुण्याहून फोन आला, पप्पा, मी इंटरनेटवाला प्लॅन भरतो म्हणाला. त्याला तत्त्व म्हणजे काय ते सविस्तर समजावलं. मध्येच फोन कट झाला. पुण्यात रेंजचा प्रॉब्लेम दिसतो.
चंदनाला विचारलं नाही. घरातले टेक्निकल निर्णय मी घेतो. ती माहेरची कन्नड, आठ वाजता एक कन्नड मालिका बघते, तेवढंच. आम्हा जैनांत जेवण दिवस बुडायच्या आत, त्यामुळे संध्याकाळ फार लांब असते. मी स्वतः मालिका बघत नाही. शेजारी पेपर घेऊन बसतो. ती मधूनमधून मराठीत सांगते ते कानावर पडतं. थोरल्या सुनेची स्मृती गेलीय, धाकटीने दागिने तांदळाच्या डब्यात लपवलेत आणि मुनीम तिला फितूर आहे, यापलीकडे मला त्यातलं काही माहीत नाही.

७ जानेवारी
छत्री आणली. दुकानदार म्हणाला, फिटर पाठवतो. हसलो. आयुष्य विद्युत खात्यात काढलेल्या माणसाला फिटर? आवक-जावक टेबलाला होतो म्हणून काय झालं? विजेचं प्रत्येक पत्र माझ्याच हातून गेलंय.

८ जानेवारी
मी गच्चीवर, चंदना खाली टीव्हीसमोर. मी "आलं?" विचारायचं, तिनं "न्हाय" म्हणायचं. दुपारनंतर "न्हाय" पण बंद झालं. खाली येऊन बघतो तर ही गेटपाशी जयाबाईंशी बोलत उभी. जयाबाई आणि आण्णाप्पा हे आमचे शेजारी, त्यांची माडीवरची खोली आमच्या गच्चीला चिकटून. त्यांच्या सौरवच्या लग्नाबद्दल ही काहीतरी सांगायला लागली. म्हटलं, आधी सिग्नल, मग लग्नं.

९ जानेवारी
सिग्नल नाही. सांबऱ्याला उतरणाऱ्या विमानांमुळे असावं.

११ जानेवारी
आलं. चित्र आरशासारखं. गल्लीत सर्वांना आपणहून सांगून आलो.
चॅनल भरपूर. केसांचं तेल, पोटाचं चूर्ण, लग्न जुळवणारी अंगठी, पुन्हा तेल. बातम्या मराठीतही आहेत, कन्नडमध्येही आहेत. चंदनानं विचारलं, आठची मालिका? म्हटलं, तसल्या मालिका पैसे भरणाऱ्यांसाठी असतात. ती "बरं" म्हणाली. एका शब्दात पटलं.

१२ जानेवारी
आठ वाजता चंदना म्हणाली, जयाबाईकडं जाऊन येते. समजलो. आण्णाप्पांनी गुपचूप महागडा प्लॅन घेतलेला दिसतो. घेऊ दे. काही लोकांना पैसा टोचतो.

१५ जानेवारी
आण्णाप्पांना तिळगूळ दिला. गोड बोललो. प्लॅनबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. माणूस पक्का आहे.

१७ जानेवारी
चंदना रोज आठला जाते. घरात पूर्ण शांतता. हवीच होती. भुईमुगावरच्या किडीवर एक चांगला कार्यक्रम बघितला. आमची शेती नाही, पण माहिती असावी. किडीबद्दल कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

१९ जानेवारी
छत्री किंचित हलली असावी अशी शंका आली. चित्र स्वच्छच होतं, पण खबरदारी म्हणून आठ वाजता गच्चीवर गेलो. कडाक्याची थंडी. जयाबाईंच्या माडीची खिडकी बंद, आत उजेड, आतून कन्नड बोलणं ऐकू येत होतं. म्हणजे मालिका इथेच चालते. ऐकायची माझी इच्छा नव्हती, पण कान काही बंद करता येत नाहीत. खात्याची कन्नड परीक्षा मी तिसऱ्या खेपेला का होईना पास झालोय, त्यामुळे समजायचा प्रश्न नव्हता. बरंचसं समजलं. निदान विषय समजला.

२१ जानेवारी
पुन्हा ॲडजस्टमेंट. मालिकेने वळण घेतलंय. सुना, मुनीम, दागिने, सगळं गायब. आता एक बाई लांबलचक गोष्टी सांगते आणि दुसरी अडखळत प्रश्न विचारते. ही दुसरी नटी नवखी असणार, एकच वाक्य तीनतीनदा म्हणते आणि दिग्दर्शक तसंच ठेवतो. पहिलीचा आवाज ओळखीचा वाटतो. आधी कुठल्या तरी मालिकेत असेल. मध्ये जाहिरात एकही नाही. महाग प्लॅन.

२३ जानेवारी
नायिकेच्या नवऱ्याचा विषय निघालाय. तो समोर येत नाही, नुसतं वर्णन. कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, सगळं मला येतं म्हणायचं, बिघडलं की दुसऱ्याचं नाव सांगायचं. एकदा म्हणे त्यानं मिक्सर दुरुस्त केला आणि नंतर त्या घरात महिनाभर पाट्यावर वाटण झालं. नायिका हसत हसत सांगते. दुसरी तर खोकेपर्यंत हसली. मीही हसलो. लेखकानं जरा अतिच केलंय, इतका आडमुठा माणूस खरोखर नसतो.
आमचा मिक्सर मूळचाच खराब होता.

२६ जानेवारी
चंदनाला सहज विचारलं, मालिकेत काय चाललंय? तिनं माझ्याकडं बघितलं. कुठली मालिका, म्हणाली. मीही म्हटलं, होय, कुठली मालिका. मला वाईट वाटू नये म्हणून लपवते बिचारी. समजूतदार आहे.

२९ जानेवारी
आज नायिका हसली नाही. लग्न होऊन आल्यापासून ती नवऱ्याच्या भाषेत बोलते, असं काहीतरी होतं. स्वयंपाक, भांडण, आजारपण, सगळं त्याच्या भाषेत. तिच्या भाषेत त्यानं तिला कधी साधं बरी आहेस का एवढंही विचारलं नाही. वर म्हणाली की आता संध्याकाळी शेजारी बसायचा, तेही बंद झालं. मी पाण्याच्या टाकीला टेकून बराच वेळ उभा होतो. थंड वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं.
संवाद चांगले आहेत. लेखकाचं नाव शोधलं पाहिजे.

२ फेब्रुवारी
आण्णाप्पा अचानक त्यांच्या जिन्यात दिसले. थंडीत काय करताय, जिनदत्ताण्णा? म्हटलं, सिग्नल. रोज? म्हटलं, सिग्नल रोजच लागतो. चहाला या म्हणाले. आम्ही रात्री काही घेत नाही, असं ताठ सांगितलं. दुसऱ्याच्या प्लॅनवर जगणाऱ्यातला मी नाही.
शिंका सुरू.

४ फेब्रुवारी
मफलर, स्वेटर, शाल. नायिका माहेरी जाणार आहे. जावंच. असल्या नवऱ्याला अद्दल घडलीच पाहिजे. शालीतल्या शालीत टाळी वाजवली.

५ फेब्रुवारी
चंदना परवा चिक्कोडीला भावाकडं जायचं म्हणतेय. आता सगळ्यांनाच माहेर आठवतंय. मी मोकळ्या मनानं जा म्हटलं. बॅगेत साड्या जरा जास्त दिसतात.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
माडीवर अंधार. चंदना घरीच, उद्याच्या तयारीत. ऐन रंगात आलेली मालिका आणि जयाबाईंनी टीव्ही लावलाच नाही. थोडा वेळ थांबलो. राहवेना. साखर मागायच्या निमित्तानं त्यांच्याकडं गेलो आणि आडवळणानं विचारलं, ती बाई शेवटी माहेरी गेली का?
जयाबाईंना समजेना. म्हटलं, आठच्या मालिकेतली. तो आडमुठा नवरा असतो बघा.
"मालिका कुठली, अण्णा?" त्या म्हणाल्या. "शामूनं वायर नेली तवापासनं आमचा टीव्ही बंदच हाय की."
मग सगळं सांगितलं. सौरवची होणारी बायको, सौम्या, धारवाडची. सुनेशी बोलता यावं म्हणून जयाबाई कन्नड पक्कं करतायत. चंदनाक्का रोज आठला येऊन शिकवतात. पुस्तकातलं डोक्यात बसत न्हाय, म्हणून आक्का आपल्या घरच्याच गोष्टी सांगत्यात. सांगता सांगता जयाबाईंचा आवाज बारीक होत गेला. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठनं ऐकलासा?
मी म्हटलं, साखर राहू दे.
घरी आलो. चंदना बॅगेची चेन ओढत होती, लागत नव्हती. मी ओढून लावून दिली. ती म्हणाली, साखर आहे की डब्यात, भरपूर. मी होय म्हटलं. टीव्ही लावला नाही. बोलायचं बरंच होतं, पण ते कुठल्या भाषेत बोलावं ते ठरेना.

७ फेब्रुवारी, सकाळ
बसस्टँडला सोडायला गेलो. रिक्षात एक वाक्य मनातल्या मनात घोकलं. कन्नड वाक्य, पूर्ण माझं, खात्याच्या परीक्षेतलं नव्हे. चंदना खिडकीत बसली तेव्हा म्हटलं, "हुशार होगी बा." नीट जाऊन ये.
ती माझ्याकडं बघतच राहिली. मग हसली. असं हसलेली कधी बघितली होती ते आठवेना. पदर सावरून खिडकीतून वाकली आणि तिच्या भाषेत मला म्हणाली, "वंद तिंगळ इरलेनरी?"
बस घरघरत होती. पहिल्यांदाच मला कन्नडमध्ये काहीतरी विचारत होती, अशा वेळी पुन्हा सांग कसं म्हणायचं? मी रुबाबात मान हलवली. हौदु, हौदु, म्हटलं, म्हणजे होय, होय. आजूबाजूच्या लोकांनीही ऐकलं असेल.
बस सुटली. छान वाटत होतं. स्टँडबाहेर रिक्षा बघताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिंगळ म्हणजे महिना. पगाराच्या प्रत्येक कागदावर असायचा तो शब्द.
महिनाभर राहू का, असं तिनं विचारलं होतं. मी परवानगी दिली. मोठ्यानं, दोनदा.