बाळाच्या टाचेचा कागद

लोरेंगाऊ, ३ जून २०१३

चि. हिनाउस ताईचे पोटभर आशीर्वाद.

तू पाठवलेली धुरावलेली मासळी पोचली. निम्मी शेजारणींनीच फस्त केली, मेल्या तुझं नाव काढत होत्या.

आता कामाचं. बाळाच्या टाचेचं रक्त कागदावर घेऊन तपासायला राजधानीत, मोरेस्बीला पाठवलं, त्याला दोन महिने झाले, म्हणून आज दवाखान्यात गेले. सिस्टरबाईंनी सगळे कागद उपसले आणि म्हणाल्या, 'पोमात' नावाचं बाळच इथे आलेलं नाही! पुन्हा रक्त द्या म्हणतात. म्हणजे तुझा एचआयव्ही बाळाला लागला की नाही, हे कळायला आणखी दोन महिने. अगं, तू दवाखान्यात नाव सांगितलंस तरी काय? खरं लिही. आणि तुझ्या गोळ्या, बाळाचं औषध, काही चुकवू नकोस.

काळजीने अर्धी झालेली,
न्यावाई

बेटावरून, ९ जून

ती. न्यावाईताईस शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, चूक माझीच. बाळाला सासऱ्यांचं नाव ठेवलंय, आणि सून असून ते नाव मी तोंडाने कसं घेणार? घरात 'बाळराजे' म्हणून भागवते. दवाखान्यात नाव विचारलं तेव्हा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. माझी जीभच अडली. मग घाईत आपल्या बाबांचं नाव सांगून मोकळी झाले. तुला कळवायला लाज वाटली.

ताई, आजार कळल्यावर या माणसांनी मला घराबाहेर काढलं नाही. सासरे स्वतः होडी हाकत दर महिन्याला माझ्या गोळ्या आणतात. त्यांचा एवढा मान तरी मी राखायला नको का? पण त्यापायी कागद हरवला असेल, तर मला कुणाला तोंड दाखवता येणार नाही. कलोविन या नावाने शोधशील का गं?

तुझ्या मायेवरच उभी असलेली,
हिनाउ

लोरेंगाऊ, १४ जून

चि. हिनाउस आशीर्वाद.

अगं वेडे, सापडला! बाळाच्या रक्तात विषाणू नाही. मी दवाखान्यातच भोकाड पसरलं, सिस्टरबाईंनी स्वतःचा चहा मला पाजला. अंगावरचं दूध सुटलं की पुन्हा एकदा तपासायचं, तोवर औषधं चालू ठेव. कागद सोबत पाठवते.

तुझी आनंदाने खुळी झालेली,
न्यावाई

बेटावरून, २२ जून

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझे आणि त्या सिस्टरबाईंचे उपकार कसे फेडू?

मी कागद सगळ्यांसमोर वाचला. सासूबाईंनी बाळाचे इतके पापे घेतले की ते रडायलाच लागलं. मग सासऱ्यांनी कागदावर नाव कुणाचं आहे ते वाचायला सांगितलं. मी मान खाली घालून बाबांचं नाव सांगितलं, का घातलं तेही सांगितलं. ते तडक उठून बाहेर गेले. ताई, नाव ठेवताना त्यांनी दोन डुकरं कापून अख्ख्या गावाला जेवू घातलं होतं! माझं धाबंच दणाणलं.

परतले ते गावच्या चार वडीलधाऱ्यांना घेऊन. त्यांच्यासमोर म्हणाले, पोराला आता कलोविनच म्हणायचं. आईला स्वतःच्या लेकराला हाक मारता येऊ नये, असला मान त्यांना नको. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

आज दुपारी मी बाळाला नावाने हाक मारली, ताई, चांगली मोठ्याने. चार महिन्यांत पहिल्यांदा. माझा कलोविन माझ्याकडे बघून हसला.

अशीच जीव लावत राहा.
तुझी,
हिनाउ