नऊ लाल गोल आणि एक चांगली मोटार

वाशीम, १९ एप्रिल

चि. सुखदेव यास,

तुझ्या भाऊजींचा आशीर्वाद, आणि बहिणीचा त्याहून मोठा समज (तिने सांगितलेला नाही, पण माझ्यापेक्षा तिचं काही लहान असलेलं तिला चालत नाही). इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. वांगी बरी आहेत, टमाटे परवापासून जरा रुसले आहेत, त्याचं कारण पुढे येईल. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने जिने चढू नको म्हटलं होतं ते अजून लागू आहे का? हे मी उगाच विचारत नाही. अकोल्याच्या मोठ्या टॉकीजमध्ये पडदा वरच्या मजल्यावर असतो, एवढं आत्ता लक्षात ठेव.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. आपल्या घरी फोन वाजला की तुझी बहीण अंजना तो स्पीकरवर टाकून कोथिंबिरीच्या जुड्यांवर ठेवते. बोलणारा मी एकटा आणि ऐकणारा सगळा मळा. जे सांगायचं आहे ते मळ्याने ऐकण्यासारखं नाही.

दर डिसेंबरात मी येत्या वर्षाच्या सिनेमांची यादी करतो, हे तुझ्याशिवाय कोणाला धडपणे माहीत नाही. कागदाची यादी हरवते, म्हणून तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवतो. गोलाजवळ काही लिहीत नाही. तुझी बहीण समजते, फवारणीच्या तारखा आहेत. यंदा नऊ गोल झाले. तेरा फेब्रुवारीला एक प्रेमकथा होती. त्यात शेवटी दोघं मरतात असं ट्रेलरवरूनच कळत होतं, आणि माझी एवढीच अपेक्षा होती की निदान एकाने तरी जगावं, म्हणजे तुझी बहीण टीव्हीवर पाहून तीन दिवस भाजीत मीठ विसरणार नाही. मार्चमध्ये एक शेतकऱ्याचा सिनेमा. त्याच्याकडून मी फार मागितलं नव्हतं. हिरोने पांढरा शर्ट घालून वखर धरू नये, एकाच शेतात एकाच दिवशी तूर आणि गहू दोन्ही उभे दाखवू नयेत, आणि आपल्याकडची बोली बोलणारा माणूस निदान एकदा तरी नोकर किंवा विदूषक नसावा. पोस्टर पाहिलं, शर्ट पांढराच होता. दोन ऑक्टोबरला भुताचा चौथा भाग आहे. तिसऱ्या भागात भूत पूर्ण जळून राख झालं होतं, त्यामुळे ते परत कसं येतं याची मला खरोखर उत्सुकता आहे.

आणि आठ मे. तिथे मी गोल दोनदा फिरवला होता. साडेतीन वर्षांनी साहेबांचा सिनेमा! (साहेबांचं नाव लिहीत नाही. देवाचं आणि त्यांचं नाव पत्रात वाया घालवायचं नसतं.) माझं लग्न ठरलं त्या वर्षापासून साहेबांचा एकही सिनेमा मी पहिल्या दिवशीचा पहिला शो सोडून पाहिलेला नाही. त्याची सुरुवात तूच केलीस. मी तुमच्याकडे मुलगी पाहायला आलो, तू बारा वर्षांचा होतास, आणि जावई गावात नवीन आहे, त्याला जरा फिरवून आणतो असं सांगून तू मला सरळ टॉकीजमध्ये नेलंस. परत आल्यावर तुझ्या वडिलांनी विचारलं, मुलगी कशी वाटली, तर मी म्हणालो, एक नंबर, पण इंटरव्हलनंतर जरा ढिला पडला. तरी त्यांनी मुलगी दिली. असे सासरे आता होत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीच्या शेवटी मंगरूळपीरचे पाहुणे आमच्या पोरीच्या, साधनाच्या लग्नाची तारीख ठरवायला आले. मुलगा धीरज, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं स्वतःचं दुकान आहे, आणि त्याचे काका बबनराव, ज्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात पापडही तळला जात नाही. तुला ठाऊक आहे, साधनाची याआधी दोन स्थळं फिसकटली. एक मानपानावरून, दुसरं चहात साखर कमी पडली म्हणून. हा मुलगा तिला मनापासून आवडला होता. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं, पण मंगरूळपीरची एसटी मळ्यावरून गेली की ती निंदताना ताठ उभी राहायची.

पोहे झाले, चहा झाला आणि बबनरावांची नजर कॅलेंडरवर गेली. उठले, जवळ गेले, चष्मा लावला.

"वा व्याही! तुमी तं सारे मुहूर्त काढूनच ठेवले!"

सुखदेव, त्याच क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. पण ते इतके खूश झाले होते! म्हणाले, असं शिस्तीचं घर मी पाहिलं नाही. साखरेवरून स्थळ मोडलेल्या बापाने त्यावर काय म्हणावं, तूच सांग. मी मान हलवली. फेब्रुवारी लवकर होतो, मार्चात तुरीचा पैसा हातात नसतो, असं करत त्यांचं बोट पुढे सरकत गेलं. दोन ऑक्टोबरवर आलं तेव्हा ते थबकले. "इथं तं पित्तरपाट आहे. यात कोणता मुहूर्त?" माझ्या तोंडून निघून गेलं की ते आमच्या वडिलांचं श्राद्ध आहे. बबनरावांनी भुताच्या चौथ्या भागाला हात जोडून नमस्कार केला. (वडिलांनीच मला पहिला सिनेमा दाखवला होता, म्हणून हे सगळंच खोटं नाही.) मग बोट मागे आलं आणि आठ मेवर टेकलं. "दोनदा गोल! म्हणजे हाच पक्का."

गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, तारीख चांगली आहे. सतरा मेपासून धोंड्याचा महिना लागतो, म्हणजे पुढे ढकलायचीही सोय नाही. बायका गोड करायला उठल्या. मी साहेबांना मनातल्या मनात हात जोडले आणि पोटच्या पोरीपुढे हे काहीच नाही असं ठरवून टाकलं. ठरवलं खरं, पण त्या दिवसापासून सिनेमाची बातमी पाहिली नाही, पेपरातलं तेवढं पान मी दुकानदाराकडे मिरच्या बांधायला देऊन टाकायचो.

पण माझं दुःख बाजूला राहिलं, कारण मी धीरजकडे पाहिलं होतं. आठ मे म्हटल्याबरोबर पोराचा चेहरा उतरला. चहाचा कप हातात तसाच राहिला. मी एकट्यानेच पाहिलं असतं तर डोळ्यांचा दोष म्हटलं असतं, पण साधनानेही पाहिलं. मग फेब्रुवारी गेला, मार्च गेला. फोनवर तो मोटारीचं बोलायचा, पावसाचं बोलायचा, आणि लग्नाची तारीख निघाली की पुन्हा मोटारीवर यायचा. एक दिवस भेंडी तोडता तोडता पोरगी म्हणाली, "बाबा, त्याईच्या मनात नसंल तं आताच विचारून घ्या. मांडवात समजलं तं मी काय करू?" मला पुढची भेंडी दिसेना.

उघड विचारायला जावं तर बबनराव भडकणार. म्हणून मी निमित्त शोधलं. विहिरीवरची मोटार खोलली (एकदम चांगली होती, आठ वर्षांत एकदाही कुरकुरली नव्हती), पोत्यात घातली आणि परवा एसटीने मंगरूळपीरला निघालो. कंडक्टरने पोतं हलवून पाहिलं आणि म्हणाला, मोटारीचं वेगळं भाडं पडंल. उतरताना ती माझ्या पायावर आली. अंगठा अजून निळा आहे. इकडे पाण्याविना टमाट्यांनी माना टाकल्या, तो रुसवा हाच.

धीरजने मोटार उघडली, तारा तपासल्या, जोडून चालू केली. ती दुकानभर गोड आवाजात गाऊ लागली. "मामाजी, हिले तं काहीच नाही झालं. कायले आणली एवढ्या दुरून?" मी घाम पुसायला मान वर केली, आणि समोर भिंतीवर कॅलेंडर. एप्रिलातच मे महिना उघडलेला. आठ तारखेवर लाल गोल, आणि त्या गोलावर कच्चकन फुली!

म्हटलं, झालं, पोराने लग्न खोडलं. घाईने पान उलटलं तर पाच जूनला नवा गोल. म्हणजे दुसरी मुलगीही पाहून झाली, आणि तीही धोंड्याच्या महिन्यात! मी रागाने मागची-पुढची सगळी पानं चाळली, याने अजून किती ठिकाणी गोल केलेत पाहू म्हणून. तेरा फेब्रुवारीला गोल. मार्चमध्ये शेतकऱ्याच्या तारखेला गोल. दोन ऑक्टोबरला गोल. मोजले, जूनचा नवा सोडून नऊ. माझेच गोल, सुखदेव, एक न् एक तारीख माझीच!

मी वळून विचारलं, "ऑक्टोबरात तुमच्याकडेही कोणाचं श्राद्ध आहे का?" पोरगं लाल झालं. मग जे बाहेर पडलं ते असं. शाळेत होता तेव्हापासून साहेबांचा पहिला शो त्याने सोडलेला नाही. त्या दिवशी आमच्या भिंतीकडे पाहताच त्याने सगळं ओळखलं. काकांनी मुहूर्त म्हटलं तेव्हा त्याला हसू येत होतं, आठ मेवर बोट टेकलं तेव्हा रडू आलं. "पण बोललो असतो तं तुमची फजिती झाली असती आन् काकाजीनं लग्न मोडलं असतं. मनलं, सिनेमा काय, दुसरा येईन. साधना दुसरी कुठून येईन?" आणि आठ तारखेची फुली? सिनेमा पुढे गेला आहे, पाच जूनला येतोय! मला पेपरचं पान न पाहिल्यामुळे पत्ताच नव्हता. मी म्हटलं, मग त्या तारखेवर लग्न तरी लिहायचं. तर म्हणाला, ते काय लिहून ठेवा लागते?

सांगायला लाज वाटत नाही, मी त्या पोराला दुकानातच मिठी मारली. मोटार चालूच होती. परत येताना ती मला पोतंभर कापसासारखी हलकी वाटली. (अंगठा सोडून.) घरी येऊन साधनाला एवढंच सांगितलं की मुलाच्या मनात तूच आहेस, आणि ती पदराने डोळे पुसत टमाट्यांना पाणी सोडायला गेली.

तेव्हा आठ मेला सहकुटुंब ये. अंतरपाटाशी मामा उभा पाहिजे, गुडघा दुखत असला तरी.

तुझा भाऊजी,
रंगराव

ता. क. – धोंड्याच्या महिन्यात भाचजावयाला जेवू घालण्याचं पुण्य मोठं असतं, असं मी कुठेसं ऐकलं आहे. तू साधना आणि जावयाला अकोल्याला बोलाव. मला कोणतीही तारीख चालेल, पण शुक्रवार पाच जून बरा. पोरं एवढ्या लांब एकटी कशी येणार, म्हणून मी सोबत येईन. धोंडे सकाळी लवकर उरकून घे, पहिला शो साडेनऊचा असतो. हे पुण्य तुला सुचलं आहे, मला नाही.

ता. क. २ – बबनरावांनी त्या दिवशी आमच्या कॅलेंडरचा फोटो काढून भावकीत पाठवला होता. तेरा फेब्रुवारीला त्यातल्या एकाचा साखरपुडा झाला. जोडा सुखात आहे. सिनेमात मात्र दोघंही मेले.

ता. क. ३ – मामा, मी साधना. बाबांनी पाकीट चिकटवायला मले देलं, म्हणून वाचलं. त्या गोलाईचं मले लहानपणापासून माहीत आहे, आईलेही माहीत आहे, फवारणी कोणी शुक्रवार पाहून करते का? आठ मे ठरली तेव्हा मी वाट पाहत होती, बाबा आता काही तरी कारण काढतीन. तीन महिने झाले, त्याईनं तोंडातून शब्द नाही काढला. फक्त पेपरातलं पान वाचणं सोडलं. तुमी तिकिटं काढा मामा, बाबांले पडद्याच्या बरोब्बर समोरची खुर्ची द्या. आन् धीरजले त्याईच्या बाजूले बसवू नका, दोघांच्या मधात मी बसतो. मले त्या साहेबाचं तोंडही पाहावं वाटत नाही, पण बाबांचं पाहाचं आहे.