टिटवीच्या बदली

ता. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून शेवटी टिटवीला पार्कात नेऊन आणलं. सात वर्षांची झाली, पण रांग म्हटली की तिचं काय होतं ते तू पाहिलंयस. आधी कानांवर हात, मग जमिनीवर लोळण, मग तो टिपेचा आवाज, ज्यावरून तूच तिचं नाव पाडलंस. पण तू तिथल्या बाजूच्या फाटकावर नोकरी केलीस म्हणून अशा मुलांना रांग चुकवायची सोय असते, हे मला ठाऊक झालं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. फाटकावरच्या बाईंनी पोरीची एक वस्तू मागून घेतली, काठीच्या आकड्याला अडकवली आणि काठी होडीच्या रांगेत उभी केली. रांग सरकली की काठी सरकायची. आम्ही दोघी तासभर लांबच्या बाकावर निवांत.

मी तू विणलेला पिवळा स्वेटर दिला. रागावू नकोस, लोकर अंगाला लागली की ती ओरबाडून काढते, त्यामुळे तो कोराच पडून होता. नंबर आल्यावर टिटवी एकटी होडीत बसली, बोगद्यातून गेली आणि शांतपणे बाहेर आली. अंगात स्वेटर होता, होडीवाल्यांनीच चढवला असणार. रांगेतल्या एक आजी जवळ येऊन म्हणाल्या की तुमची मुलगी तासभर माझ्यापुढे उभी होती, किती गुणी आहे. बहुधा दुसऱ्याच कुणाला पाहिलं असेल.

भावोजींना नमस्कार. लोभ वाढता ठेव.
तुझी धाकटी

ता. ७

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडायला हवा होता, तो पडला नाही. त्या आजींना काठीवर स्वेटर दिसायला हवा होता, मुलगी कशी दिसली? पोरीने तो अजून काढला का? ती पूर्वीसारखी गुणगुणते का? जिन्याच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढउतार करते का? म्हातारपणी डोकं फिरलंय म्हण, पण नीट बघून लिही.

जावईबापूंना आशीर्वाद. तब्येतीला जप.
तुझी ताई

ता. ९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नोकरी सुटली तरी तू काही फाटक सोडलं नाहीस. बघून लिहिते. स्वेटर ती काढत नाही. गुणगुणत नाही. पायऱ्या एकदाच चढते. पानात वाढू ते खाते. न्हाणीघराच्या दारात उभी राहते आणि जा म्हटल्याशिवाय आत जात नाही. काल मी विसरले, तर दुपारभर तिथेच उभी होती. शाळेच्या बाई खूश आहेत. हे तर सात वर्षांत पहिल्यांदाच सलग झोपले.

आणि ताई, तिने मला आई म्हणून हाक मारली. टिटवीने आजवर एक शब्द उच्चारलेला नाही, तुला माहीत आहे. मी स्वयंपाकघरात बसून पोटभर रडले. तेव्हा आता आणखी काही विचारू नकोस, एवढी माझ्यावर माया कर.
धाकटी

ता. १२

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

विचारत नाही, सांगते. फाटकावरच्या माझ्या जुन्या सोबतिणीला निरोप पाठवला होता. ती म्हणते, होडीच्या रांगेत आठ दिवस एक मुलगी आहे. कानांवर हात, सारखी ओरडते. पुढे पोचली की तिच्याकडे तिकीट नसतं, म्हणून तिला पुन्हा शेवटी उभं करतात. संध्याकाळी पार्क बंद होतो तेव्हा ती दिसत नाही. सकाळी फाटक उघडलं की ती असतेच.

वस्तू पोरीच्या रोजच्या वापरातली द्यायची असते, हे तुला सांगायचं माझ्याकडून राहिलं. तो स्वेटर तिचा नव्हताच. विणताना मी टाक्याटाक्याला एकच मागत होते, की पोर शहाणी होऊ दे, शांत होऊ दे. त्या लोकरीने ज्या मुलीला ओळखलं ती तुझ्या घरी आहे. तिला घेऊन जा, टिटवीच्या जागी उभी कर आणि टिटवीला आण. मला क्षमा कर.
ताई

ता. १८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टिटवीला घरी आणलं. आवाज बसला होता, ओठ फुटले होते. मला पाहून धावत आली नाही, ती कधीच येत नाही. जवळ ओढली तर माझ्या हाताला कडकडून चावली. आज चौथा दिवस, ओरडणं चालूच आहे, आणि शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून एरवी लावतात ते गॅलरीचं दारही यांनी लावलेलं नाही.

तुला खरं सांगायला हवं. तुझं पत्र तेराला मिळालं. मी पंधराला गेले. दोन दिवस मी त्या दुसरीच्या केसांना तेल लावलं, तिला मांडीवर घेतलं आणि आई म्हणायला लावलं. माझी पोर तिकडे रांगेत आहे हे ठाऊक असताना.

दुसरीला मी टिटवीच्या जागी उभी केली. इथे थांब म्हटलं, ती थांबली. पुढचा माणूस सरकला तशी एक पाऊल सरकली. मी परत कधी येणार, हे तिने विचारलं नाही.

भावोजींना नमस्कार. इतकं वाचूनही माझ्यावर लोभ राहिला असेल, तर तसं लिही. उत्तराची वाट पाहते.
तुझी धाकटी