इतकी सरळ बुरशी

१२ जानेवारी १९९९, केज

दिवाळीपासून या वहीला हात लावला नाही. चूक माझीच. आज राग आला तेव्हा आठवण झाली — हेही काही बरं नाही!

दीड वर्ष पत्रं घातल्यावर पुण्याच्या संस्थेतला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक तीन तास मिळाला. ज्वारीच्या मुळाचा एकेक पातळ थर तो वेगळा दाखवतो. उजेड इतका अंधूक की त्याचा कॅमेरा बर्फाहून थंड ठेवतात, आणि एकेका फोटोला मिनिटभर थांबायचं. वीस थर, वीस फोटो, वीस फ्लॉप्या. आणि त्यात नऊ लखलखते ठिपके! थर बदलला तरी जागच्या जागी. म्हणजे बुरशीचे नऊ तंतू मुळात आरपार गेलेले. पंधरा वर्षं मी हेच म्हणतोय.

आमचा शिपाई सिदू पडद्याकडे बघून हसला. "सर, दिवसा चांदण्या!" हसू दे. पण माझी संशोधक विद्यार्थिनी कावेरी? "सर, जिवंत वस्तू इतकी सरळ कशी जाईल? पुण्यात मी स्वतः डोळा लावून बघितलं, मला नाही दिसले." अगं, डोळ्याला दिसलं असतं तर कॅमेरा कशाला हवा होता!

१८ जानेवारी

या तंतूंवरचा लेख शोधपत्रिकेला पाठवला. कावेरी म्हणाली, "त्यावर माझं नाव नको." माझ्या लेखावर!

२२ जानेवारी

दोन दिवस ती कॉलेजात आली नाही. वडवणीला गेलो, तिच्या वडिलांच्या किराणा दुकानात. गिऱ्हाइकांसमोर बोललो — "हिला संशोधन झेपत नाही. हिच्या अहवालावर मी सही करणार नाही." कावेरी गूळ बांधत होती. "सर, ती शेवटची फ्लॉपी तेवढी —" "गप्प बस!" म्हणालो.

तिच्या वडिलांनी, शिवलिंगप्पांनी, तराजू खाली ठेवला. "तुमी म्हणता तर न्हाई जमत तिला. मग कावून तरास घ्यायचा? लगीन करून टाकू."

एसटीत बसल्यावर वाटलं, जास्त झालं. पण उतरलो नाही.

२ फेब्रुवारी

अहवाल टेबलावर पडून. वीस तारखेपर्यंत विद्यापीठात गेला नाही तर तिची नोंदणी रद्द. सत्यशीला ताट वाढताना म्हणाली, "पोरीनं प्रश्न विचारला म्हणून चिडलात, की उत्तर येईना म्हणून?" अशी बायको असल्यावर परीक्षक कशाला हवेत! जेवलो नाही.

११ फेब्रुवारी

शोधपत्रिकेचा परीक्षकही आलाच. लेख परत, सोबत एक ओळ — कॅमेऱ्यावर टोपण ठेवून घेतलेला फोटो पाठवा. काळोखाचा फोटो! खेड्यातलं कॉलेज दिसलं की यांना असले चाळे सुचतात.

१३ फेब्रुवारी

कावेरीच्या खोक्यात एकविसावी फ्लॉपी सापडली. वर तिच्या अक्षरात — 'टोपण लावून'. पुण्यात मी चहाला गेलो तेव्हा तिनं हा फोटो घेतला असणार. बरं झालं! काळाकुट्ट फोटो परीक्षकाच्या तोंडावर मारू, म्हणून प्राचार्यांच्या खोलीतल्या संगणकावर लावला. सिदू धूळ पुसत होता.

"ह्यो तर मागलाच फोटू, सर. त्याच चांदण्या हायती."

"अरे, हा रिकामा आहे. अंधाराचा."

"मंग चांदण्या कुठल्या?"

पडद्याला पट्टी लावली. नऊच. जागा त्याच, केसभरही फरक नाही. मूळ नाही, बुरशी नाही, उजेडसुद्धा नाही. कॅमेऱ्याचेच नऊ बिघडलेले बिंदू — प्रत्येक फोटोत त्याच जागी उमटणार, म्हणून इतके सरळ!

तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. दुकानात सांगत होती. मी गप्प केलं. मला खरंच दिसलं, की दिसावं असं मला वाटत होतं?

सिदूनं विचारलं, "सर, बरं वाटत न्हाई का?"

१४ फेब्रुवारी

लेख मागे घेतो असं पत्र लिहिलं. अहवालावर सही केली.

उद्या: वडवणी. दुकान उघडं असताना, गिऱ्हाइकांसमोर, कावेरीची माफी मागायची.